मुलींचे स्कर्ट मोजणे थांबवा, त्यांना पँट घालू द्या : शिक्षण विभाग आणि संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. शिक्षण आयुक्त, पुणे,
आणि राज्यातील सर्व माध्यमांच्या व सर्व मंडळांच्या शाळांचे संस्थाचालक व मुख्याध्यापक यांस,

विषय : मुलींच्या गणवेशाचे नियम, स्कर्टच्या लांबीची तपासणी आणि पँटचा पर्याय.

सन्माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. मुलींना वर्गापेक्षा मैदानावर जास्त पाहण्याची संधी माझ्या कामामुळे मला मिळते, आणि त्याच नात्याने हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी सुरुवातीलाच मांडते. मुलींच्या स्कर्टची लांबी मोजण्याची पद्धत राज्यातल्या प्रत्येक शाळेत बंद करावी, आणि गणवेशाच्याच रंगाची व त्याच कापडाची पँट पहिलीपासून बारावीपर्यंतच्या कोणत्याही मुलीला, तिच्याकडून कारण न मागता, घालता येईल, असा लेखी आदेश काढावा. स्कर्ट किंवा सलवार-कमीज बंद करावी असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलीला ते आवडते, ज्या घराला ते योग्य वाटते, तिथे ते राहू द्यावे.

ज्यांनी शाळेतली ही तपासणी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती कशी होते ते सांगणे आवश्यक आहे. परिपाठ संपतो, वर्गाकडे जाणाऱ्या रांगा सुटतात आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शिक्षिका काही मुलींना खांद्याला धरून बाजूला काढतात. कुठे लाकडी पट्टी गुडघ्याला लावून पाहिली जाते, कुठे बोटे मोजली जातात, आणि काही शाळांमध्ये तर मुलीला फरशीवर गुडघ्यांवर बसवून स्कर्टची कड जमिनीला टेकते की नाही हे पाहण्याची जुनी रीत अजून आठवणीत आहे. हे सर्व चालू असताना बाजूने मुलांच्या रांगा जात असतात. सातवी-आठवीतली मुलगी त्या वेळी काय करते हे मी अनेकदा पाहिले आहे : ती दप्तर पाठीवरून काढून पुढे धरते, दोन्ही हातांनी स्कर्ट खाली ओढते आणि नजर बुटांवर ठेवते. तिच्या वहीत शेरा लिहिला जातो, पालकांना बोलावणे जाते, कधी पहिला तास वर्गाबाहेर काढावा लागतो. त्या तासाला गणित असो की विज्ञान, तिच्या कानांवर त्यातले काही पडत नाही.

आता तो स्कर्ट आखूड का झाला, याचा विचार करू. अकरा ते तेरा या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते. वाढीचा जोर असतो त्या वर्षी सात-आठ सेंटिमीटरसुद्धा. हे घरातल्या प्रत्येक आईला माहीत असते, म्हणून जूनमध्ये गणवेश घेताना ती एक माप मोठा घेते, कमरेला जास्तीचा हूक लावून घेते आणि तळाशी चार बोटांची दुमड ठेवून तुरपाई करते. दिवाळीच्या सुट्टीत ती तुरपाई उसवून दुमड सोडली जाते. जिथे दुमड होती तिथे मूळच्या गडद निळ्या रंगाचा पट्टा राहतो आणि वरचे कापड धुऊन धुऊन फिके झालेले असते, त्यामुळे कोणत्या मुलीच्या घरी नवा स्कर्ट घेणे जमलेले नाही हे साऱ्या वर्गाला दिसते. फेब्रुवारीत दुमड संपलेली असते आणि मुलगी मात्र वाढतच असते. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आठवीपर्यंतच्या मुलींना समग्र शिक्षा योजनेतून गणवेशासाठी वर्षाला ६०० रुपये मिळतात, म्हणजे एका जोडाला ३००. त्यात शिलाई आली. खाजगी शाळांमध्ये ठराविक दुकानातूनच गणवेश घ्यावा लागतो आणि एका स्कर्टची किंमतच याहून अधिक असते. वर्षाच्या मध्यावर नवा स्कर्ट घेणे जिला परवडते तिची कड नियमात राहते, जिला परवडत नाही ती रांगेतून बाहेर काढली जाते. गरीब-श्रीमंत हा भेद वर्गात दिसू नये म्हणून आपण गणवेश आणला, आणि त्याच गणवेशाच्या नावाने तो भेद पट्टी घेऊन मोजत आहोत, याचे मला फार दुःख होते.

मुलींनी स्कर्ट घालावा हे मुलींनी ठरवलेले नाही, हेही इथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पिनो फ्रॉक, चुण्यांचा स्कर्ट, पांढरा ब्लाउज हा सगळा पोशाख मिशनरी व कॉन्व्हेंट शाळांच्या वाटेने आपल्याकडे आला आणि संस्थांनी तो स्वतः निवडला. त्याआधी मुली परकर-पोलक्यात शाळेत येत, वरच्या वर्गातल्या मुली साडी नेसत. पुढे बहुतेक मराठी शाळांमध्ये सातवीपर्यंत स्कर्ट आणि आठवीपासून पंजाबी ड्रेस अशी विभागणी रूढ झाली. हे बदल संस्थांनी काळाप्रमाणे केले, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या शाळेने उघड्या पिंढऱ्यांचा पोशाख मुलीवर सक्तीने घातला, त्याच शाळेने तिचे पाय दिसतात म्हणून तिला दोषी धरावे, हे न्यायाला धरून नाही. मुलांची हाफ पँटही गुडघ्याच्या वर असते. ती कोणी मोजल्याचे मी आजवर पाहिले नाही.

राज्य शासनाला या विषयाची संधी नुकतीच मिळाली होती. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना २०२४-२५ मध्ये राबवली गेली तेव्हा मुलांसाठी आकाशी शर्ट व गडद निळी पँट, आणि मुलींसाठी त्याच रंगांतले पिनो फ्रॉक, स्कर्ट किंवा सलवार-कमीज असे प्रकार ठरले. त्या योजनेतील कपडे वेळेवर न पोहोचणे, मापात न बसणे, शिवण उसवणे यांवर राज्यभर तक्रारी झाल्या आणि अखेर गणवेशाचा अधिकार २०२५-२६ पासून शाळा व्यवस्थापन समित्यांना परत देण्यात आला. हा निर्णय योग्यच होता. त्या सगळ्या चर्चेत कापड, पुरवठादार, शिलाईचा दर, रंग यांवर पुष्कळ बोलले गेले; मुलींनाही पँट का नको, हा प्रश्न मात्र फारसा ऐकू आला नाही. आकाशी शर्ट आणि निळे कापड दोघांनाही सारखेच होते. फरक फक्त ते कापड कसे बेतायचे एवढाच होता.

नियमांची मजल कुठपर्यंत जाऊ शकते याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यात घडली आहेत. जुलै २०१८ मध्ये पुण्यातील एका नामांकित शाळेने विद्यार्थिनींच्या स्कर्टच्या लांबीबरोबरच त्यांच्या अंतर्वस्त्रांचा रंगही शाळेच्या डायरीत लिहून दिला : पांढरा किंवा त्वचेच्या रंगाचा. पालक शाळेच्या दारात जमले, शिक्षण विभागाने त्याची दखल घेतली आणि शाळेला तो नियम मागे घ्यावा लागला. हेतू शुद्ध होता, असे व्यवस्थापनाने तेव्हा सांगितले. मी त्या हेतूवर शंका घेत नाही. मुलींना सुरक्षित ठेवायचे तर त्यांच्या कपड्यांवर अधिकाधिक बारीक नजर ठेवली पाहिजे, असे मनापासून मानणारे अनेक सहकारी मला माहीत आहेत. पण स्कर्टच्या कडेपासून सुरू झालेली नजर कुठे थांबावी हे एकदा ठरवले नाही की ती आतल्या कपड्यांपर्यंत पोहोचते. दुसरे उदाहरण जुलै २०२५ मधले, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचे. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावले गेले, पाळी कोणाला आली आहे हे शोधण्यासाठी त्यांच्यापैकी काहींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आली, आणि पोलिसांनी मुख्याध्यापिकेला अटक केली. स्कर्ट मोजणारी प्रत्येक शाळा तिथवर जाते असे मी मुळीच म्हणत नाही. मुलीचे शरीर हा शाळेने तपासण्याचा विषय आहे, ही समजूत मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच आहे, आणि ती समजूत काढून टाकणे हे शासनाचे काम आहे.

तपासणीच्या समर्थनार्थ दोन कारणे नेहमी दिली जातात. पहिले सुरक्षिततेचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत ज्या दोन मुलींवर अत्याचार झाले, त्या शिशुवर्गाच्या वयाच्या होत्या. त्या घटनेनंतर आपण सर्वांनी काय मागितले ते आठवावे. स्वच्छतागृहाजवळ महिला कर्मचारी, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमल्या जाणाऱ्या सखी सावित्री समितीच्या नियमित बैठका, आणि तक्रार येताच पोलिसांत जाण्याची संस्थेची तयारी. यातली प्रत्येक गोष्ट मोठ्या माणसांनी करायची आहे. अत्याचार कपड्यांच्या लांबीमुळे होत नाहीत, हे सांगण्यासाठी बदलापूरनंतर आणखी पुराव्याची गरज कोणाला वाटू नये. उलट, तुझ्या कपड्यांमुळे तुला त्रास होऊ शकतो, असे शाळेनेच जिला वर्षानुवर्षे शिकवले आहे, ती मुलगी खरोखर काही घडले तर आधी स्वतःलाच दोष देते आणि गप्प राहते. सखी सावित्री समितीपुढे ती येणार नाही. शिक्षिकेला सांगणार नाही, कारण तीच शिक्षिका सकाळी पट्टी घेऊन उभी होती.

दुसरे कारण मुलांचे लक्ष विचलित होण्याचे. हे वाक्य मी शिक्षकांच्या बैठकीत ऐकते तेव्हा मला मुलींइतकाच मुलांचाही अपमान वाटतो. माझ्याकडे कबड्डी खेळणारी मुले रोज मुलींच्या संघाशेजारी सराव करतात, एकाच नळावर पाणी पितात. त्यांना पहिल्या दिवशी नीट समजावले, नजर आणि शब्द यांच्या मर्यादा सांगितल्या आणि त्या मोडणाऱ्याला वेळीच जबाबदार धरले, तर ती समजूतदारपणे वागतात. तेरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की तुझ्या नजरेवर तुझा ताबा नाही, म्हणून तिचा स्कर्ट खाली ओढला आहे. हे ऐकून तो मोठा झाल्यावर काय होईल, याचा विचार संस्थेने करावा.

आता माझ्या मैदानाविषयी लिहिते, कारण या प्रश्नाची ही बाजू चर्चेत सर्वांत कमी येते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. खो-खो हा आपला खेळ. पाटीवर बसलेल्या खेळाडूने उकिडवे बसायचे असते, एक पाय पुढे, हाताची बोटे जमिनीला, आणि पाठीमागून खो मिळताक्षणी झेप घ्यायची असते. शारीरिक शिक्षणाच्या तासाला स्कर्ट घातलेली मुलगी तशी बसत नाही. ती गुडघे जुळवून, अर्धवट कलून, एक हात मांडीवर स्कर्टवर ठेवून बसते. खो मिळाल्यावर आधी तो हात सुटतो, मग ती उठते, आणि तेवढ्यात धावणारी खांबापलीकडे गेलेली असते. पाठलाग करताना सूर मारायचा तर ती मारतच नाही. पुष्कळ मुली आत सायकलिंग शॉर्ट्स घालून येतात, म्हणजे उकाड्यात कपड्यांचा एक थर अधिक आणि घरी खर्चही अधिक. पाचवीतल्या मुली बेधडक खेळतात, सहावीत त्यांचा हात स्कर्टवर जाऊ लागतो आणि आठवीत निम्म्या जणी डोकेदुखीचे कारण सांगून कट्ट्यावर बसतात. सलवार-कमीज आली की हालचाल थोडी मोकळी होते, पण खांद्यावर पिनांनी अडकवलेल्या ओढणीचा व्ही सांभाळत धावता येत नाही. ज्या शनिवारी आम्ही मुलींना ट्रॅक पँट घालून यायला सांगतो, त्या दिवशी कट्टा रिकामा असतो. जी मुलगी आळशी आहे असे तिचे वर्गशिक्षक मला सांगत होते, तिला मी त्या दिवशी खांबाला वळसा घालून सुटताना पाहिले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले आणि संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. राज्यभर आनंद झाला, सत्कार झाले, शाळाशाळांतून फलकलेखन झाले. त्यांच्यापैकी एकही स्कर्ट घालून खेळली नाही. त्यांच्यासारखे खेळावे असे ज्या मुलींना आपण त्या फलकासमोर उभे करून सांगितले, त्यांना तसे खेळता येईल असा पोशाख देणे हे आपले पुढचे काम आहे.

हे केवळ माझ्या मैदानाचे निरीक्षण नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३५ देशांतील पाच ते सतरा वयोगटातल्या दहा लाखांहून अधिक मुलामुलींची माहिती तपासली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगितली आहे. ज्या देशांत बहुतेक शाळांमध्ये गणवेश सक्तीचा आहे, तिथे हे प्रमाण गाठणारी मुले कमी आढळली, आणि प्राथमिक वयात मुलगे व मुली यांच्यातले अंतर अधिक रुंद आढळले. गणवेश हेच त्याचे कारण आहे असे यातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतः सांगितले आहे, आणि तेवढी सावधगिरी मीही बाळगते. पण मुलींचे शिक्षक, पालक आणि स्वतः मुली जे वर्षानुवर्षे सांगत आहेत, त्याच्याशी हे चित्र जुळते.

शाळेत पोहोचण्याचा रस्ताही याच प्रश्नाचा भाग आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन सायकली देते. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास मिळतो. या दोन्ही योजनांनी खेड्यातल्या किती मुली शाळेत टिकल्या, हे ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती सायकल चढावर उभ्याने पॅडल मारत, समोरून वारा आला की एका हाताने स्कर्ट धरत चालवावी लागते. एसटीच्या उंच पायऱ्या गर्दीत चढताना मागे कोण उभे आहे हे पाहावे लागते. सायकल आणि पास देणाऱ्या शासनाने या प्रवासाला साजेसा पोशाखही मान्य करावा, एवढेच मागणे आहे.

आणि पाळीचे दिवस. २०१८ मध्ये अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट देण्याची सुरुवात झाली, तेव्हा निदान हा विषय शासनाच्या कागदावर आला. गणवेशाच्या नियमांपर्यंत तो पोहोचलेला नाही. कित्येक शाळांमध्ये शनिवारच्या कवायतीचा गणवेश अजूनही पांढरा स्कर्ट किंवा पांढरी सलवार असा आहे. त्या दिवशी मुली बाकावरून उठत नाहीत, उठल्याच तर मैत्रिणीला मागे चालायला सांगतात, आणि पुष्कळ जणी घरीच राहतात. शुभ्र पोशाखाबद्दल अत्यंत काटेकोर असलेल्या विम्बल्डन स्पर्धेनेसुद्धा २०२३ पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाच्या शॉर्ट्स घालण्याची मुभा दिली आहे. आपल्या शाळांना कवायतीच्या पँटचा रंग निळा किंवा काळा करण्यास काहीच अडचण नसावी. मुलींच्या बहुतेक स्कर्टना खिसा नसतो, हेही सांगून ठेवते. पॅड दप्तरातून काढून, बाहीत लपवून स्वच्छतागृहापर्यंत न्यावे लागते. पँटला खिसा असतो.

माझ्या म्हणण्याला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मला माहीत आहेत आणि त्यांतले काही खरे आहेत. काही मुली शाळेच्या कोपऱ्यावर आल्या की कमरेला दोन घड्या घालून स्कर्ट मुद्दाम आखूड करतात, असे शिक्षिका सांगतात. ते मीही पाहिले आहे. त्याच कोपऱ्यावर मुले पँटची मोहरी आवळून घेतात, शर्ट बाहेर काढतात, केसांना निरनिराळे कट देतात. त्या वयाला हे धरूनच असते. मुलाला आपण शर्ट आत खोच म्हणतो आणि विषय संपतो. त्याच्या घरच्या संस्कारांची चर्चा शिक्षककक्षात होत नाही. मुलीच्या बाबतीत ती होते, आणि माझा आक्षेप शिस्तीला नसून या फरकाला आहे. गणवेश नीट असावा, स्वच्छ असावा, हे मुलगा-मुलगी दोघांना सारख्याच शब्दांत, सारख्याच आवाजात सांगता येते.

काही पालकांना मुलींनी पँट घालणे आपल्या रीतीला सोडून वाटते. त्यांच्यासाठीच मी पर्याय हा शब्द पुन्हा पुन्हा वापरत आहे. केरळचा अनुभव इथे उपयोगी आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयंचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये सर्व मुलामुलींसाठी शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची पँट असा एकच गणवेश सुरू केला आणि पालकांनी तो स्वीकारला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या मुलींच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेत अकरावीसाठी शर्ट-पँट आली तेव्हा मुलींनी आनंद व्यक्त केला, पण काही संघटनांनी सक्तीचा आरोप करून निदर्शने केली, आणि अखेरीस असा गणवेश कोणावर लादणार नाही, असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. ज्या मुलीला अंगभर कपडे हवे आहेत तिला पँटची सक्ती तितकीच जाचक होईल, जितकी खेळणाऱ्या मुलीला स्कर्टची आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१९ पासून सरकारी शाळांना एवढेच बंधन घातले की मुलींसाठी शॉर्ट्स व पँटचा पर्याय उपलब्ध असलाच पाहिजे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका शाळेने मुलींना स्कर्ट सक्तीचा केला होता. पालक न्यायालयात गेले, आणि जून २०२२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती सक्ती समान वागणुकीच्या हक्काचा भंग करणारी ठरवली. आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात नेण्याची वेळ येऊ नये असे मला वाटते, कारण खटला चालेपर्यंत ती मुलगी शाळा सोडून गेलेली असते.

शिक्षण विभागाने काढावयाच्या आदेशात काय असावे, याविषयी माझी नम्र सूचना अशी आहे. पँट हा मुलींच्या गणवेशाचा अधिकृत प्रकार म्हणून शाळेच्या माहितीपत्रकात आणि दुकानाला दिलेल्या यादीत छापलेला असावा. ती घालण्यासाठी डॉक्टरांचा दाखला किंवा पालकांचा विनंतीअर्ज मागू नये, कारण अर्ज करावा लागला की पहिली अर्ज करणारी मुलगी साऱ्या शाळेत वेगळी पडते. तिची किंमत मुलांच्या पँटइतकीच असावी. ओढणी ऐच्छिक असावी. अंतर्वस्त्रांविषयी कोणताही लेखी वा तोंडी नियम करण्यास स्पष्ट मनाई असावी. गणवेशावरून कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभे करू नये, घरी पाठवू नये, इतरांसमोर त्याचे माप घेऊ नये. काही सांगायचेच असेल तर ते एकांतात, मुलींच्या बाबतीत शिक्षिकेने, शाळा सुटल्यावर सांगावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. सर्वांदेखत मुलीचे पाय मोजणे हा मानसिक छळ आहे, असे विभागाने एकदा लेखी म्हटले, तरी निम्म्या शाळांमधली ही पद्धत दुसऱ्या दिवशी थांबेल. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे आणि महिलांचे स्थान निश्चित केले आहे. गणवेश ठरवण्याच्या बैठकीला सहावीपासून पुढच्या प्रत्येक इयत्तेतल्या दोन मुलींनाही बोलवावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. त्या मुली काय सांगतील ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. त्या फॅशनविषयी बोलत नाहीत; खिसा, कापडाचा जाडपणा, पावसाळ्यात न वाळणाऱ्या चुण्या आणि सायकलच्या साखळीत अडकणारी सलवार यांविषयी बोलतात.

संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना स्वतंत्रपणे एक विनंती आहे. आपल्याला शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. खाजगी शाळांचा गणवेश व्यवस्थापनच ठरवते, आणि इतर शाळांतही तो अधिकार आता शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. मुलांच्या पँटचे कापड त्याच दुकानात, त्याच ताग्यातून मिळते. मुलींच्या मापाची पँट शिवायला शिंप्याला नवे काही शिकावे लागत नाही. जुने स्कर्ट टाकून देण्याची सक्ती करू नका. ज्यांच्याकडे ते आहेत त्या मुली फाटेपर्यंत ते वापरतील, आणि ज्यांना पँट हवी आहे त्या पुढच्या खरेदीत ती घेतील. वर्गात काही महिने स्कर्ट, सलवार आणि पँट असे तिन्ही दिसतील. रंग एकच असल्यामुळे शाळेची ओळख त्यात कुठेही हरवणार नाही.

पुढील वर्षाच्या गणवेशाची मागणी दुकानदारांकडे मार्च-एप्रिलमध्ये नोंदवली जाते आणि माहितीपत्रकेही त्याच सुमारास छापायला जातात. त्याआधी परिपत्रक शाळांपर्यंत पोहोचले तरच जूनमध्ये मुलींना पँट मिळेल, नाहीतर आणखी एक वर्ष जाईल. म्हणून फेब्रुवारी संपण्यापूर्वी ते निघावे, आणि स्कर्टची तपासणी थांबवण्याची सूचना, तिला कापड वा शिंपी काहीच लागत नसल्यामुळे, याच आठवड्यात सर्व शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शाळांना द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका